शेखरचे सत्तेचाळीस

आधीच सांगते, मला बास्केटबॉलमधलं काय कळत नाय असं समजून कोणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी कॉलेजचं कँटीन चालवते. शहापूरहून मुरबाडकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं कॉलेज, मागं सिमेंटचं कोर्ट आणि कोर्टाला लागून माझं कँटीन. वडे तळता तळता समोरचा खेळ मी रोज बघते. फाउल कुणी केला ते मला शिट्टीच्या आधी कळतं. पोरं मला अनिताकाकी म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात. घाबरावंच.

तर कँटीनची जी भिंत कोर्टाकडं तोंड करून आहे ती काळी रंगवलेली आहे. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मुलांच्या टीमचे विक्रम लिहिलेत. एका सामन्यात सगळ्यात जास्त गुण कुणाचे, अख्ख्या मोसमात कुणाचे, रिबाउंड कुणी जास्त घेतले, बास्केटसाठी पास कुणी जास्त दिले. दुसऱ्या कॉलेजांत काचेच्या कपाटात कप असतात. आमच्याकडं कप फारसे कधी आलेच नाय, म्हणून आमची भिंत. बाहेरचा कोणी आला की पोरं त्याला पहिली भिंत दाखवतात, मग प्रिन्सिपलसरांचं ऑफिस.

भिंतीवरची पहिलीच ओळ अशी होती: एका सामन्यात सर्वाधिक गुण, शेखर, सत्तेचाळीस, मुरबाडविरुद्ध. शेखर म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण रोज डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं घ्यायचं नाय, हे काय मला जमलं नाय. मी शेखरच म्हणते.

या भिंतीचा एक कायदा आहे. कुठं लिहिलेला नाय, पण सगळ्यांना माहीत. ज्याचा विक्रम मोडला त्यानं स्वतः यायचं, आपलं नाव आपल्या हातानं पुसायचं आणि नव्याचं नाव आपल्या हातानं लिहायचं. पेंटर बोलवायचा नाय. जुना माणूस येईपर्यंत नवा विक्रम भिंतीवर चढत नाय, मग तो नाशकात असो नाहीतर दुबईत.

शेखरच्या आधी तिथं महादूदादांचं नाव होतं. धसईचे महादूदादा, भातशेतीवाले. शेखरनं सत्तेचाळीस मारले तेव्हा मी एफवायला होते आणि याच भिंतीखाली मैत्रिणींसोबत बसले होते. तिसऱ्या दिवशी महादूदादा आले. बाजारात भाताच्या गोणी उतरवून तसेच एसटीत बसलेले, केसांत भुसा, शर्टावर भुसा. त्यांनी थिनरच्या बोळ्यानं आपलं नाव घासघासून काढलं आणि त्या जागी ‘शेखर’ लिहिलं. अक्षर केवढं मोठं! ‘श’नंच एवढी जागा खाल्ली की ‘र’ला अंग चोरून बसावं लागलं. मग ब्रश शेखरच्या हातात देऊन म्हणाले, “घे रे. मी अडवून नाय धरलं. तू पण धरू नको.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, जरा जास्तच वाजवल्या असतील, कारण चार वर्षांनी मी त्याच शेखरशी लग्न करून आटगावला आले.

घरात आले तर फळीवर एक नवाकोरा ब्रश. प्लास्टिकमधून काढलेलासुद्धा नाय. मी विचारलं, हे काय? तर शेखर म्हणाला, “भिंतीसाठी. कोणी मोडला तर लिहायला लागंल ना.” मी म्हटलं, तुला काय घाई झाली रे पुसून घ्यायची? त्यावर नुसता हसला. दर रविवारी तो कॉलेजच्या पोरांना खेळवायला जायचा आणि बोंबलायचा, “सत्तेचाळीस म्हणजे काय माहुलीचा किल्ला आहे का रे? चढा की!” कोणी चढलं नाय. त्याच्या हयातीत कोणी पस्तीसच्या वर गेलं नाय.

अक्षदा, आमची मुलगी, भिंतीला धरून पावलं टाकायला लागली होती तेव्हा शेखर गेला. किन्हवलीहून मोटारसायकलवर येत होता आणि वळणावर समोरून विटांचा ट्रक आला. याहून जास्त मी कधी सांगत नाय. कॉलेजनं मला कँटीन चालवायला दिलं, आणि मी त्या भिंतीच्या मागं येऊन उभी राहिले ती अजून उभी आहे.

अक्षदा या कँटीनमध्येच वाढली. तिला अक्षरं मी शिकवली नाय, भिंतीनं शिकवली. ‘क’ कमळाचा यायच्या आधी तिला ‘श’ शेखरचा आला. बापाचा फोटो घरी आहे, पण फोटो काय, कपाटातही असतो. भिंतीवरचं नाव मात्र सगळे बघतात, येणारा जाणारा विचारतो, हा शेखर कोण? आणि माझी पोर सांगते, माझे बाबा. आता ती याच कॉलेजात एसवायला आहे आणि सामन्याच्या वेळी स्कोरच्या टेबलावर बसते.

म्हणून मला ते नाव तिथं हवं होतं. सरळ सांगते, लपवायचं काय त्यात? माझ्या डोळ्यांदेखत ते जाऊ नये असं मला वाटायचं. सगळी दुनिया त्याला विसरली तरी भिंतीनं विसरू नये, एवढंच.

आणि या वर्षी आला तो स्वरूप.

स्वरूप उंबरमाळीचा. बापाची थोडी भातशेती आणि बाकी मजुरी. पोरगा ताडमाड, हात गुडघ्यापर्यंत, आणि तोंडात शब्द म्हणून नाय. पण बॉल हातात आला की काय ते बघत राहावं. पोरांचा एक खेळ आहे. प्रॅक्टिस संपली की प्रत्येकानं फ्री थ्रो मारायचे. म्हणजे रेषेवर उभं राहायचं, कोणी अडवायचं नाय, निवांत रिंगमध्ये टाकायचा. जो चुकेल त्यानं माझ्या कँटीनमधले सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. टीममधल्या एकूण एक पोरानं माझे कप धुतलेत. एकट्या स्वरूपनं कधी धुतला नाय. मी त्याला चिडवायची, “अरे, लग्न झाल्यावर बायको काय म्हणंल? हाताला पाण्याची सवय लाव जरा.” तर तो लाजून वडापाव खायचा.

पोर मला आवडायचं आणि त्याचीच मला भीती वाटायची. दिवाळीनंतर सामने सुरू झाले तसा त्याचा आकडा वर वर जायला लागला. छत्तीस. मग चाळीस. मग बेचाळीस. आणि माझ्या लक्षात आलं की लोक माझ्याशी वेगळं वागायला लागलेत. चहा प्यायला आलेली पोरं भिंतीकडं बघून बोलायची बंद व्हायची. प्राध्यापकबाई उगाच माझी तब्येत विचारायच्या. मला काय झालं होतं? मी धडधाकट होते.

भगीरथभाऊ तर माझ्याकडं बघायचेच नाय. भगीरथभाऊ म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक, पोरांचे निमसे सर. शेखरबरोबर एकाच टीममध्ये खेळलेले. भिंतीवर त्यांचंपण नाव आहे, सगळ्यात जास्त पास देणारा म्हणून. आता पास मोजला जातो तो ज्याला दिला त्यानं बास्केट केला तरच. म्हणजे भगीरथभाऊंच्या त्या आकड्यातला निम्मा तरी आकडा शेखरच्या हातातून गेलेला. शेखर गेल्यावर आमच्या घरचं छप्पर शाकारण्यापासून अक्षदाच्या अॅडमिशनपर्यंत सगळ्याला हा माणूस धावून आला. मी त्यांना कधी उलटून बोलले नाय. त्या दिवसापर्यंत.

संक्रांत होऊन गेली होती. मुरबाडची टीम आमच्याकडं खेळायला आली. शहापूर-मुरबाड म्हटलं की दोन्हीकडची पोरं पेटलेलीच असतात, कोर्टाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी स्वरूप नाष्ट्याला आला तेव्हा मी त्याच्या ताटलीत दोन वडे जास्त टाकले. वर दही घातलं. प्रेमानं नाय हां. म्हटलं, पोट जड झालं तर जरा कमी उड्या मारील. माझ्यातली कैकेयी ती तेवढीच. पण रोज डोंगर उतरून गाडी पकडणारं पोर ते, त्याला दोन वड्यांनी काय होतंय? खाल्लं, पाणी प्यायलं आणि “येतो काकी” म्हणून गेलं.

सामना सुरू झाला आणि पहिल्या मिनिटापासून मला कळलं की आज काय खरं नाय. तो टाकील तो बॉल रिंगमध्ये. डावीकडून टाकतोय, उजवीकडून टाकतोय, दोघंजण अंगाला चिकटलेत तरी त्यांच्या मधून उडून टाकतोय. माझा एक घाणा करपला. दुसरा घाणा मी कच्चाच काढला. गिऱ्हाईकं काय बोलली नाय, तीपण तिकडंच बघत होती. अक्षदा टेबलावर मान खाली घालून आकडे लिहीत होती. तिनं एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं नाय.

शेवटचा डाव उरला तेव्हा स्वरूपचे चव्वेचाळीस झाले होते आणि आमची टीम चांगली पुढं होती.

मधल्या सुट्टीत भगीरथभाऊ स्वरूपला बाजूला घेऊन गेले. खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी सांगत होते. पोरानं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा कँटीनकडं, आणि मान हलवली. मला वाटलं, दमलाय, धीर देत असतील.

शेवटचा डाव सुरू झाला आणि स्वरूप खेळायचा थांबला. म्हणजे पळत होता, बॉल घेत होता, पण घेतला की लगेच दुसऱ्याला देत होता. रिंगखाली एकटा उभा, समोर कोणी नाय, तरी बॉल मागं टाकला. बघणारे ओरडायला लागले, “मार ना रे!” त्यानं मारला नाय. खरं सांगू? माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, दमला बिचारा. वड्यांनी उशिरा का होईना काम केलं. मी झारा उचलून नवा घाणा सोडला.

इकडं मुरबाडची पोरं एकेक बास्केट करत जवळ येत होती. तेवढ्यात त्यांच्या एका पोरानं स्वरूपला आडवं पाडलं. शिट्टी. दोन फ्री थ्रो.

स्वरूप रेषेवर उभा राहिला. पहिला टाकला, रिंगच्या कडेला लागून बाहेर. लोक हळहळले. दुसरा टाकला, तो रिंगपर्यंत पोचलाच नाय. फूटभर अलीकडं पडला.

आणि माझ्या हातातला झारा तसाच राहिला. अख्ख्या वर्षात ज्यानं माझा एक कप धुतला नाय, त्याचे दोन फ्री थ्रो चुकले? एक वेळ एक चुकला तर समजू शकते. पण दुसरा रिंगपर्यंत जात नाय? स्वरूपचा? डोळे बांधून टाकला असता तरी पोचला असता.

मला सगळं लख्ख कळलं. खांद्यावरचा हात कळला, मान हलवणं कळलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. गंमत बघा, मला पाहिजे होतं तेच होत होतं. नाव राहणार होतं. आणि मला ते सहन होईना. शेखरनं ते सत्तेचाळीस त्याच कोर्टवर, याच मुरबाडच्या पोरांचे धक्के खाऊन, गुडघा फोडून घेतले होते. कोणी त्याला वाट करून दिली नव्हती. आणि आज ही मंडळी त्याच्या ताटात भीक वाढत होती, मेलेला माणूस म्हणून.

मुरबाडनं आणखी एक बास्केट केला आणि भगीरथभाऊंनी टाइमआउट मागितला. मी गॅस बंद केला आणि निघाले. हातात झारा तसाच, तेल गळतंय. पोरांनी मला वाट दिली. देतील नाय तर काय.

“भगीरथभाऊ, काय सांगितलंत तुमी या पोराला?”

“वहिनी, तुमी इथं कशाला आलात? सामना चालू आहे.”

“सामना चालू आहे? मला तर नाय दिसला. मघापासून नाटक चालू आहे.”

स्वरूपची मान खाली. मी त्याची हनुवटी धरून वर केली. “ए पोरा, माझ्याकडं बघ. मुद्दाम चुकलास?”

शेजारचं एक पोर बारीक आवाजात म्हणालं, “काकी, आमी सगळ्यांनीच ठरवलंय. निमसे सरांचा शब्दपण राहील आणि तुमचा मानपण.”

“मान? माझा मान तुमच्याकडं कधी ठेवायला दिला रे मी?”

भगीरथभाऊंनी मला जरा बाजूला घेतलं. “वहिनी, समजून घ्या. विक्रम मोडला की नाव पुसायला कोण येणार? शेखर नाय. म्हणजे तुमी. शेखरच्या बायकोला मी काय सांगू, या आणि नवऱ्याचं नाव तुमच्या हातानं पुसा? एकदा तुमचं कुंकू पुसलेलं मी बघितलंय वहिनी. मी तिथं दारात उभा होतो. परत तेच करायला लावू तुमाला? माझ्यानं नाय होणार. मी त्याला एवढंच म्हटलं, आज राहू दे. चांगलं पोर आहे, ऐकलं त्यानं.”

काय बोलणार अशा माणसाला? रागवावं तर डोळ्यांत पाणी त्यांच्या. पण मी रागावले. त्यांचं ते ऐकून तर जास्तच रागावले, कारण माझ्यापण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला चारचौघांत आवडत नाय.

“भाऊ,” मी म्हटलं, “तेव्हा ते पुसलं ना, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. बायकांनी मला धरून बसवलं आणि पुसलं. मी नको नको म्हणत होते, ऐकलं कोणी? आणि आज हे पुसायचं का नाय तेपण तुमीच ठरवलंत. आजपण मला विचारलं नाय. त्या बायकांनी निदान उघड केलं, तुमी तर गुपचूप केलंत.”

भगीरथभाऊंनी बाहीनं डोळे पुसले.

“आणि शेखरचं म्हणाल, तर तो असता ना, तर तुमाला दोघांना या कोर्टवरून हाकलून दिलं असतं. तुमी बरोबर खेळलात ना त्याच्या? मुद्दाम सोडलेला बॉल त्यानं कधी घेतला होता का?”

भाऊ हळूच म्हणाले, “नाय.”

“मग?” मी स्वरूपकडं वळले. “तू रे. मला वाटत होतं तू मोडू नये. सकाळचे वडे त्यासाठीच होते, जास्तीचे. कळलं? मी तुझ्या पोटावर डाव टाकला. पण मी डाव टाकला, दया नाय केली. तू जा आणि नीट खेळ. नाय जमलं तर नाय जमलं, मला आनंदच होईल. पण जमत असताना चुकलास तर उद्यापासून माझ्या कँटीनमध्ये पाऊल ठेवायचं नाय.”

पोरगं पहिल्यांदा हसलं. शिट्टी झाली.

मी कँटीनमध्ये परत गेले नाय, बाजूलाच उभी राहिले. स्वरूपनं आल्या आल्या एक बास्केट मारला, तीनच्या रेषेच्या जरा आतून, रिंगला न लागता. शेहेचाळीस. मग मुरबाडची चार पोरं त्याच्यावर तुटून पडली आणि त्याला बॉलच मिळेना. आमच्या दुसऱ्या पोरांनी मारले, आमची आघाडी परत वाढली. सामना आमचाच होता, पण सामन्याचं कोणाला पडलं होतं? वेळ संपत आली तसं मला वाटायला लागलं की राहतं बहुतेक नाव. आणि या वेळी खरं राहिलं असतं, कोणाच्या उपकारानं नाय. मी देवाचं नाव घेतलं. कशासाठी घेतलं ते विचारू नका, माझं मलाच कळलं नाय.

अगदी शेवटी तो रिंगखाली उडाला आणि परत कोणीतरी त्याला पाडलं. दोन फ्री थ्रो.

स्वरूप रेषेवर आला. पहिला टाकला. आत. सत्तेचाळीस. टाळ्या कोणी वाजवल्या नाय. त्यानं बॉल परत हातात घेतला, दोनदा आपटला आणि थांबला. रिंगकडं नाय, भिंतीकडं बघत होता.

“तिकडं काय बघतोस?” मी ओरडले. “रिंग इकडं आहे!”

त्यानं टाकला. बॉल रिंगच्या कडेवर नाचला, एक गिरकी घेतली. आत पडला.

मी अक्षदाकडं बघितलं. तिनं आकडा लिहिला, पेन खाली ठेवलं आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. रडत होती का हसत होती ते मला लांबून दिसलं नाय.

पोरं स्वरूपला उचलायला धावली आणि मधेच थांबली. सगळ्यांना तोच प्रश्न. मी कोणाला विचारायची संधी दिली नाय. कँटीनमध्ये गेले, चहाच्या डब्यामागं हात घातला आणि तो ब्रश काढला. शेखर गेल्यावर घरात बघवत नव्हता म्हणून इथं आणून ठेवलेला. प्लास्टिक पिवळं पडलं होतं. दातानं फाडलं. तोपर्यंत आमच्या धाऊ शिपायानं लॅबमधून थिनर आणि पांढरा रंग आणला.

भिंतीसमोर उभी राहिले. बोळा भिजवून घासायला लागले. एवढ्या वर्षांचा रंग, तो काय सुखासुखी निघतोय? मग मी वडे उलटायचं उलथणं आणलं आणि खरवडलं. आधी ‘र’ गेला, तो अंग चोरून बसलेला. मग ‘ख’. ‘श’ला वेळ लागला. खरवडताना माझ्या मनात आलं, अगो, हे अक्षर तर शेखरचं नायच. हे महादूदादांचं. एवढी वर्षं मी नवरा समजून ज्याच्याकडं बघत बसले ते धसईच्या महादूदादांचं अक्षर. त्या रडण्यात मला हसू फुटलं. भगीरथभाऊ मागंच उभे होते, त्यांना वाटलं मला भोवळ आली. मी म्हटलं, “काय झालं नाय मला. त्या डब्याचं झाकण उघडून द्या.”

बाकीची ओळपण काढली आणि मी लिहिलं. स्वरूप. अठ्ठेचाळीस. मुरबाडविरुद्ध. माझं अक्षर बारीक, महादूदादांच्या निम्म्यानंपण नाय. मग मागं वळून पोराच्या हातात ब्रश दिला. महादूदादांनी काय म्हटलं होतं ते मला आठवत होतं, पण तसंच्या तसं म्हणता येईना.

“घे रे,” मी म्हटलं. “शेखरनं नव्हतं अडवून धरलं. मीच धरलं होतं. तू धरू नको.”

तो पाया पडायला वाकला. मी त्याला मधेच धरला. “ते राहू दे. आज दोन फ्री थ्रो चुकलास ना? कप धुवायला लाग. मुरबाडवाल्यांचेपण.”

आता कुठं पोरांना कंठ फुटला. असा आरडाओरडा झाला की रस्त्यावरची एसटी थांबली. मी घाणा सोडला, चहा ठेवला. स्वरूप मोरीपाशी उकिडवा बसून कप धुवत होता, आणि धुवायचं म्हणाल तर अगदीच टाकाऊ, नुसतं पाण्यातून काढत होता. भगीरथभाऊ त्याच्या शेजारी बसून त्याला कप कसा घासायचा ते दाखवत होते. त्यांनी त्यांच्या वेळी पुष्कळ धुतले होते.

गर्दी पांगल्यावर अक्षदा टेबल आवरून आली. भिंतीसमोर उभी राहिली. मग मला हाक मारली, “आई, इकडं ये.”

मी गेले. एवढ्या वर्षांच्या उन्हानं सगळी भिंत करडी पडली होती. पण जिथं पांढरा रंग होता त्याच्याखाली ऊन पोचलं नव्हतं. तिथला काळा अजून काळाच होता. माझ्या बारीक अक्षरांच्या वर, मोठ्या काळ्या अक्षरांत नीट वाचता येत होतं. शेखर.

“अजून दिसतंय गो,” ती म्हणाली. मग त्या काळ्या अक्षरांवरून बोट फिरवून, “पण इथं पण ऊन लागंल आता. जाईल ते.”

“जाईल,” मी म्हटलं. “तुला पाठ झालंय ना?”

तिनं मान डोलावली.

“मग भिंतीला कशाला ताप? चल, घाणा करपतोय.”